ट्रेगार्थन अँड सन्स

शनिवारी साडेनऊला स्टेशनसमोर उभा असतो :
बारा आसनांची गाडी, बारा पाण्याच्या बाटल्या
आणि मागच्या सीटखाली एक बादली,
जिच्याविषयी मी आधी कुणाला सांगत नाही.

आज नऊजणी, त्यांतल्या एकीचं पुढच्या आठवड्यात लग्न,
एक दंतवैद्य, त्याची बायको,
आणि एक म्हातारी, एकटीच, मांडीवर लोकरीचे हातमोजे.
एप्रिल. पॉप्लर पिवळे होऊन गळायला लागलेले.
किती गार! म्हणतात सगळे.
नऊशे मीटरवर आहोत, मी माइकवर सांगतो,
इथे द्राक्ष सावकाश पिकतं,
घाई नसलेल्या फळातच चव मुरते.
वाक्य माझं नाही, पत्रकातलं आहे.

मला थंडी ठाऊक आहे ती ऑक्टोबरच्या मध्यरात्रीची,
फुलोऱ्यावर हिव उतरायची,
आणि बाप ओळीओळीतून डिझेलची डबडी पेटवत पळायचा,
सकाळी त्याच्या नाकपुड्या काळ्या.

पहिल्या वाइनरीत पेला तिरका धरतात, हुंगतात.
काळी बोरं, म्हणतं कुणी. ओला दगड, म्हणतं कुणी.
दंतवैद्याला चामडं सापडतं.
मी बाहेर काच पुसत असतो.
घेत नाही मी. गाडी चालवायची ना, एवढंच सांगतो.

जेवण जुन्या पॅकिंग शेडमध्ये.
पत्रा तोच, वजनकाटाही तोच, त्याच्यावर आता पाव मांडतात.
खोटं कशाला बोलू, बदक उत्तम करतात,
माझ्या आईला असं कधी जमलं नसतं.
शेवटी येतं 'सफरचंद, तीन परींनी', अठ्ठावीस डॉलर,
एवढ्याशा बशीत एवढंसं.
आणि भिंतीवर खोकी, लाकडी, मुद्दाम न पुसलेली,
त्यांवर काळ्या ठशात : ट्रेगार्थन अँड सन्स.

हा ब्रँड आहे का? दंतवैद्य विचारतो. मिळतो कुठे?
हो, ब्रँडच, म्हणालो. बंद पडला.

सन्स.
ठसा कापून आणला तेव्हा मी सहा महिन्यांचा होतो.
अनेकवचन बापाने आगाऊच रंगवून ठेवलं.
पुढे कुणी आलं नाही,
पण ठसा तसाच वापरला. पत्रा महाग होता.

मग भाव पडले. झाड उपटलं की सरकार पैसे द्यायचं,
झाडागणिक. मोजायला एक माणूस आला,
उन्हाने लाल झालेला, वही घेऊन.
आईने त्यालाही चहा दिला, वर केक.
दोन ट्रॅक्टर, मधे साखळी, नऊ दिवस.
बाप पडवीत पाठ करून बसला होता,
रेडिओ लावून, मोठ्याने.

परतीच्या वाटेवर नवरीमुलगी गाते आहे,
सूर कुठे, शब्द कुठे.
एवढ्यात म्हातारी पुढे येऊन कानाशी म्हणते,
थांबवा हो जरा. माझं वय झालंय.
आडोसा म्हणजे फक्त ती पाण्याची टाकी.
तिथे मी कधीच थांबत नाही.

थांबलो.
बराच वेळ आली नाही ती.
आली तेव्हा दोन्ही हातमोजे फुगलेले, ठासून भरलेले :
मागे एक झाड आहे, तुम्हाला माहीत होतं का?

वहीतून सुटलेलं झाड.
मी रस्त्याकडेच बघत राहिलो.

तिने सगळ्यांना वाटली. किडकी, खरबरीत, मुठीएवढीही नाहीत.
नवरीने चावा घेतला, एक डोळा मिटला : ई, आंबट!
आणि दुसरा चावा घेतला.
दंतवैद्य दातांविषयी काहीतरी म्हणाला.
बोरं नाहीत, दगड नाही, चामडं नाही;
गाडीभर नुसता कराकरा आवाज.

जात कुठली? म्हातारीने विचारलं.
बाप 'टाकीमागचं' म्हणायचा, मी म्हणालो.
तिने मान हलवली, जणू असं नाव असतंच.

संध्याकाळी गाडी धुवायला घेतली.
बादली कुणाला लागली नव्हती,
पण रिकामीही नव्हती. तळाशी गाभे,
चावल्याच्या कडा तांबूस पडत चाललेले.
दिवसभर माणसं मोजतो मी, चढताना, उतरताना.
ते मोजले नाहीत.
कोंबड्यांना टाकले.